सहावीतला मुलगा भडकतो, वर्ग थांबतो: राग आवरायला शिकवायचं ते नेमकं कधी?

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवता. पट ४१. त्यातला एक मुलगा आठवड्यातून तीन-चार वेळा एकदम भडकतो, बाक ढकलतो, वही फाडतो. मागच्या आठवड्यात त्याने कंपासपेटी भिरकावली आणि ती शेजारच्या मुलाच्या भुवईला लागली. 'शांत हो, डोळे मिट, मोठा श्वास घे' असं सांगितलं की तो आणखीच चिडतो. दोन पालक तक्रार घेऊन आले, मुख्याध्यापक म्हणतात दाखला हातात देऊ. शाळेत समुपदेशक नाही. आणि तुम्ही विचारलंय, 'याला राग आवरायला कसं शिकवू?'

मी २२ वर्षं शाळांमधून समुपदेशन करते आहे. त्यातली निम्मी वर्षं मराठवाड्यातल्या गावांत आणि तालुक्याच्या ठिकाणी गेली. तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याला काय झालंय हे मी इथून सांगणार नाही. कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्यावर विश्वासही ठेवू नका. पण अशा मुलाबरोबर कामाला कुठून हात घालायचा ते सांगू शकते.

तुम्ही जाता जाता दोन वाक्यं लिहिली आहेत. एक, 'दिवाळीनंतर जास्तच झालंय, आईवडील कारखान्याला (म्हणजे साखर कारखान्याच्या ऊसतोडीला) गेलेत, आजीजवळ असतो.' दुसरं, 'बहुतेक वेळा मधल्या सुट्टीनंतर, गणिताच्या तासाला.' सगळ्या प्रश्नात मला हीच दोन वाक्यं सर्वांत मोलाची वाटली. कधी आणि कशानंतर भडकतो हे तुम्हाला अर्धंमुर्धं आधीच माहीत आहे.

आधी हे सांगते की बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं. बाक ढकलणं हे वरून दिसणारं एकच वागणं, पण त्याच्या मुळाशी अपुरी झोप असेल, रिकामं पोट असेल, कमी ऐकू येत असेल, फळ्यावरचं दिसत नसेल, वाचता येत नाही याची लाज असेल, घरी मार बसत असेल, कुणी मधल्या सुट्टीत चिडवत असेल. कधी यांतलं दोन-तीन एकत्र असतं. त्यामुळे पहिला प्रश्न असा की हा मुलगा आधीपासूनच असा होता की गेल्या दोन-तीन महिन्यांत बदलला? त्याच्या चौथी-पाचवीच्या बाईंना गाठून विचारा. पहिलीपासून असाच असेल तर तपासणीची वाट वेगळी. तुमच्या लिहिण्यावरून तरी तो बदललेला दिसतो, म्हणून पुढचं सगळं मी तसं धरून लिहिते.

आता 'शांत हो' का चालत नाही ते पाहू. माणूस भडकतो तेव्हा अंग धोक्याला तोंड द्यायच्या तयारीला लागतं. छाती धडधडते, हातापायांत जोर येतो, आणि विचार करून थांबवणारा मेंदूचा पुढचा भाग त्या घटकेला मागे पडतो. हा भाग तसाही पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, अकरा-बारा वर्षांच्या मुलात तो अजून कच्चाच असणार. त्या क्षणी ४० जणांसमोर मोठ्या माणसाने 'डोळे मिट' म्हणणं म्हणजे ज्याला धोका वाटतोय त्याला डोळे बंद करायला सांगणं. शिवाय सगळा वर्ग आता त्याच्याकडेच बघतोय. तो ऐकत नाही यात नवल नाही. श्वासाचा उपाय वाईट नाही, त्याची वेळ चुकते. पोहायला शिकवायचं तर ते उथळ पाण्यात शिकवतात, बुडणाऱ्याला काठावरून सूचना देऊन कुणी पोहायला शिकत नाही.

म्हणून 'लवकर मदत' हा शब्द मी दोन अर्थांनी वापरते. पहिला अर्थ वयाचा. मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या १४ वर्षांच्या आत होते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा सहावी हे 'मोठा झाला की सुधारेल' म्हणून सोडून द्यायचं वय नव्हे. दुसरा अर्थ घड्याळाचा: भडका उडायच्या आधीची पाच-दहा मिनिटं. शिक्षकाच्या हातात खरी असतात ती हीच मिनिटं, आणि नेमकी तीच निसटून जातात.

ती मिनिटं सापडावीत म्हणून एक साधी वही घाला. दोन आठवडे, दर वेळी चारच गोष्टी लिहायच्या: वार आणि वेळ, त्याच्या आधी वर्गात काय चाललं होतं, त्याने काय केलं, आणि लगेच नंतर काय झालं. शेवटचा रकाना सगळ्यात जास्त टाळला जातो आणि सगळ्यात जास्त सांगून जातो. मत लिहायचं नाही. 'उगाच चिडला' असं लिहिलंत तर ती नोंद वाया गेली. 'फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, उठला नाही, दुसऱ्यांदा बोलावलं, बाक ढकलला, बाहेर उभं केलं' असं लिहा.

हे इतकं जोर देऊन सांगण्याचं कारण म्हणजे पाचवीतला एक मुलगा. तालुक्याच्या गावची शाळा. तक्रार तुमच्यासारखीच: कधीही उठतो, कुणालाही मारतो. बाईंनी वही घातली. ११ नोंदी झाल्या, त्यातल्या ८ मराठीच्या तासाच्या. मी एक दिवस मागच्या बाकावर जाऊन बसले. बाईंचा नेम असा होता की धड्याचा एकेक परिच्छेद एकेकाने उभं राहून वाचायचा, ओळीने. हा मुलगा बाकाखाली हात धरून बोटं मोजत होता. आपल्या आधी किती मुलं आहेत ते मोजायचा, मग पुस्तकात तितके परिच्छेद पुढे जाऊन आपल्या वाट्याचा परिच्छेद शोधायचा, आणि ओठ हलवत तो जुळवायचा प्रयत्न करायचा. दोन मुलं उरली तेव्हा त्याचा पाय हलायला लागला. एक उरला आणि त्याने पुढच्याच्या पाठीत पेन्सिल खुपसली. बाईंनी नेहमीप्रमाणे त्याला बाहेर काढलं. दाराबाहेर गेल्यावर त्याचे खांदे खाली आले. ते मी पाहिलं.

त्याला वाचता येत नव्हतं. बाहेर काढणं ही शिक्षा होती असं शाळेला वाटत होतं, त्याच्यासाठी ती सुटका होती. पुढे तपासणीत अध्ययन अक्षमता निघाली. पण तो अहवाल यायला बरेच महिने गेले, आणि त्याआधीच बाईंनी एक छोटा बदल केला: ओळीने वाचन बंद, ज्याला वाचायचंय त्याने हात वर करायचा, आणि या मुलाला एक परिच्छेद आदल्या दिवशी सांगून ठेवायचा. मारामारी बंद झाली नाही, पण आठवड्याला चार वेळांवरून महिन्याला दोनवर आली. रागाबद्दल तोवर आम्ही त्याच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो.

तुमच्या बाबतीत गणित आणि मधल्या सुट्टीनंतरची वेळ हे दोन धागे आहेत. वहीत हेही टिपा की त्या दिवशी खिचडी तो जेवला का, सुट्टीत कुणाबरोबर होता, गणितात नेमकं कुठे अडला. भागाकार येत नसेल तर अपूर्णांकाच्या तासाला तो रोजच तोंडघशी पडणार.

नोंदी वाचताना दुसरी गोष्ट सापडेल ती म्हणजे पहिली खूण. प्रत्येक मुलाची वेगळी असते. कुणाचे कान लाल होतात, कुणी पेन्सिलीचं टोक कागदात रुतवतो, कुणी एकदम गप्प होतो, कुणी उगाच हसायला लागतो. ती खूण दिसली की लगेच काहीतरी करायचं असतं, आणि ते काय हे तुमचं-त्याचं आधी ठरलेलं पाहिजे. शांत असताना, वर्ग सुटल्यावर, शेजारी बसून विचारा: 'डोकं फिरायच्या आधी तुला काय होतं? मला कसं कळेल? तेव्हा मी काय केलेलं चालेल?' समोरासमोर बसवून विचारू नका, काहीतरी काम करता करता विचारा. खडू निवडताना, वह्या लावताना मुलं जास्त बोलतात.

मी वापरते ती व्यवस्था अगदी साधी आहे. खूण दिसली की शिक्षक त्याच्या बाकावर दोन बोटं ठेवून पुढे जातात, तोंडाने काही नाही. त्याचा अर्थ 'मला दिसलं, जाऊन ये' असा. मुलाने जाऊन यायचं काम ठरलेलं असतं: हजेरीपत्रक ऑफिसात द्यायचं, पाण्याची बादली भरून आणायची, झाडांना पाणी घालायचं, ग्रंथपेटी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायची. जड काहीतरी उचलणं, ढकलणं, थंड पाणी पिणं, तोंडावर पाणी मारणं याने पुष्कळ मुलांचं अंग श्वासाच्या व्यायामापेक्षा लवकर निवतं असा माझा अनुभव आहे. पाच मिनिटांनी परत यायचं, आणि परत आल्यावर कुणी काही विचारायचं नाही. यात दोन पथ्यं पाळा. हे काम शिक्षा म्हणून कधीही द्यायचं नाही. आणि इतर मुलांनाही अधूनमधून पाठवायचं, म्हणजे 'तो वेडा आहे म्हणून त्याला बाहेर पाठवतात' असं होत नाही.

श्वास शिकवायचाच असेल तर सगळ्या वर्गाला, परिपाठानंतर दोन मिनिटं, डोळे उघडे ठेवून. आत घेतलेल्या श्वासापेक्षा बाहेर सोडलेला लांब, एवढंच. गरम चहावर फुंकर घालतो तसा, असं सांगितलं की मुलांना लगेच जमतं. महिनाभर रोज केलं की मग कधीतरी ते त्याला स्वतःहून आठवेल. रागात आठवण करून देऊ नका.

एवढं करूनही भडका उडणारच. तेव्हा काय? कमी बोला, आवाज खाली आणा, त्याच्या अगदी समोर उभे राहू नका, थोडे तिरके आणि दोन हात अंतरावर राहा. हात धरू नका, फक्त कुणाला इजा होणार असेल तरच मध्ये पडा. त्याला हलवण्यापेक्षा आजूबाजूच्या मुलांना हलवणं सोपं असतं. त्यासाठी मॉनिटरला आधीच सांगून ठेवा की सरांनी 'मैदान' म्हटलं की दोन ओळी बाहेर न्यायच्या. त्याला एकच वाक्य पुरे: 'मी इथेच आहे. झालं की बोलू.' कारण विचारू नका, कारण त्या घटकेला त्यालाही माहीत नसतं.

नंतरच्या बोलण्याबद्दल मला माझीच एक चूक सांगायची आहे, कारण ती बहुतेक शाळांमध्ये अजून होते. माझ्या कामाचं दुसरं वर्ष होतं. सातवीतल्या एका मुलाने मैत्रिणीची चित्रकलेची वही फाडली. त्याला जबाबदारीची जाणीव व्हावी म्हणून दुसऱ्या दिवशी परिपाठात सगळ्या शाळेसमोर माफी मागायला मी त्याला उभं केलं. त्याने माफी मागितली. आवाज बरोबर, शब्द बरोबर. त्यानंतर तो ९ दिवस शाळेत आला नाही. मी घरी गेले तेव्हा तो घराच्या मागच्या बाजूला जाऊन बसला आणि मी निघेपर्यंत आला नाही. त्याच्या आईने मला चहा दिला, काही बोलली नाही. लाज आणि जाणीव यांतला फरक मी त्या ओट्यावर बसून शिकले. वही मात्र फाटलेलीच राहिली होती, तिच्याकडे आमचं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

आता मी किमान अर्धा तास जाऊ देते, कधी दुसरा दिवस. मग तो, मी, आणि समोर ती वस्तू. काय झालं, त्याच्या आधी काय वाटत होतं, कुणाला लागलं, आणि आता नीट कसं करायचं. फाटलेली पानं चिकटपट्टीने जोडायची, बाक जागेवर लावायचा, ज्याला लागलं त्याच्यासाठी काय करता येईल हे त्याच मुलाला विचारायचं. भुवईला लागलेल्या मुलाला कदाचित माफी नकोच असेल, त्याला वेगळ्या बाकावर बसायचं असेल. त्याचंही ऐकलं गेलं पाहिजे. चिडणाऱ्या मुलाला सांभाळताना मार खाणारं मूल विसरलं जातं, आणि मग पालक तक्रार करतात ते काही चुकीचं करत नाहीत.

आता शब्दांबद्दल. हे माझ्या आवडीचं काम आहे, म्हणून थोडं लांबण लावते. मुलांना 'काय वाटतं' विचारलं की दोनच उत्तरं येतात: 'राग येतो' किंवा 'टेन्शन येतं'. पण ज्या मुलाकडे सगळ्यासाठी राग हा एकच शब्द आहे, त्याला सगळं रागासारखंच वाटत राहतं. आपल्या भाषेत तर या गोष्टींसाठी केवढे शब्द आहेत! वैताग वेगळा, चीड वेगळी, रुसवा वेगळा. हिरमुसणं म्हणजे राग नव्हे. घालमेल, हुरहूर, चुटपुट, कासावीस, कानकोंडं होणं, जीव भांड्यात पडणं. आठवड्याला एक शब्द घ्या, फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, आणि मुलांना विचारा की असं तुम्हाला कधी झालं, आणि अंगात कुठे झालं. पोटात, घशात, तळव्यात? ओरडून चिडणाऱ्या एका मुलीने 'हुरहूर' या शब्दाच्या आठवड्यात मला सांगितलं होतं, 'मॅडम, मला राग येतच नाही, मला संध्याकाळी हे होतं.' तिचे वडील मुंबईला कामाला होते.

मुलांच्या घरचा शब्द वेगळा असेल तर तोच घ्या. तुमच्या भागात ऊसतोडीला जाणाऱ्यांत बंजारा कुटुंबं पुष्कळ आहेत. घरी गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीत मन उघडायला सांगितलं तर ते उघडणार नाही. 'तुमच्यात याला काय म्हणतात?' असं विचारा आणि तो शब्द फळ्यावर मराठी शब्दाच्या शेजारी लिहा. शब्द सांगणारं मूल त्या दिवशी वर्गाला शिकवत असतं.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण कुणीतरी सुचवेल: सगळ्या शाळेसाठी एखादा कार्यक्रम आणावा का, एक दिवसाची कार्यशाळा घ्यावी का? इथे थोडं सावध राहा. २०११ मध्ये सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या, म्हणजे भावना ओळखायला, आवरायला आणि इतरांशी जुळवून घ्यायला शिकवणाऱ्या, २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात वागणुकीबरोबर अभ्यासातही फायदा दिसला. पण २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ८५ शाळांतल्या ८,००० हून अधिक मुलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. शिक्षकांना प्रशिक्षण देऊन सगळ्या वर्गांना सजग ध्यान (माइंडफुलनेस) शिकवलं, आणि नेहमीच्या शिक्षणापेक्षा त्याने मुलांचं मानसिक आरोग्य जास्त सुधारलं नाही. म्हणजे सगळ्यांना एकच गोळी द्यावी तसं हे काम होत नाही.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो आपल्याकडचा अभ्यास. गोव्यातल्या 'संगत' या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सत्तरहून अधिक सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहर' नावाचा कार्यक्रम केला. तोच कार्यक्रम काही शाळांत गावातून निवडून प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी राबवला, काहींत शिक्षकांनी. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समुपदेशकांच्या शाळांमध्ये वातावरण सुधारलं, छळ आणि मारामारी कमी झाली, उदासी कमी झाली. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत फरक पडला नाही. हे वाचून तुम्ही खचू नका. मी त्यातून घेतलेला अर्थ असा की ज्याच्या डोक्यावर पोर्शन, पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीची कामं आणि ४१ मुलं आहेत त्याच्यावर हे एकट्याने टाकू नये. आणि दुसरा अर्थ आशेचा: त्या समुपदेशकांकडे मोठी पदवी नव्हती. वेळ होता, प्रशिक्षण होतं, आणि मुलांना ते आपले वाटत होते.

म्हणून तुमच्या शाळेत आणखी एक माणूस शोधा. खिचडी शिजवणाऱ्या ताई असतील, निवृत्त गुरुजी असतील, शाळा व्यवस्थापन समितीतली एखादी आई असेल. तिचं काम एवढंच की रोज सकाळी शाळा भरताना त्या मुलाला तीन मिनिटं भेटायचं. जेवलास का, झोपलास का, आज कसं आहे. जाताना पुन्हा एक मिनिट. उपदेश करायचा नाही, अभ्यासाचं विचारायचं नाही. एका शाळेत हे काम स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी केलं. त्या मुलाला रोज कोथिंबीर निवडायला बसवायच्या. दुसऱ्या महिन्यात तो स्वतः येऊन सांगायला लागला, 'मावशी, आज माझं डोकं ठीक नाही, सरांना सांगा.' त्यापेक्षा मोठा निकाल मला माझ्या कामात क्वचितच मिळाला आहे.

घराकडे वळते. आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमाराला गेले असतील आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे तोडणीचा हंगाम संपून मार्च-एप्रिल येईपर्यंत, येणार नाहीत. पाच-सहा महिने. आजीशी बोलताना तक्रार घेऊन जाऊ नका, ती आधीच वाकलेली असते. रात्री झोपतो का, जेवतो का, रडतो का, अंथरूण ओलं होतं का, हे विचारा. मग आईवडिलांच्या फोनचं बघा. बहुतेक घरांत फोन येतो तो कसाही, कधीही, आणि मुलाशी बोलणं 'नीट वाग, आजीला त्रास देऊ नको' एवढ्यावर संपतं. ऊसतोडीत पहाटे फडात जायचं आणि गाडी भरायला रात्री-अपरात्री उठायचं असतं, त्यामुळे रोजचा फोन मागू नका. आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवून घ्या, आणि आईला सांगा की त्या दिवशी वागणुकीबद्दल काही बोलायचं नाही, फक्त तिकडचं सांगायचं: कोप (राहायची झोपडी) कुठे घातलीय, बैल कसे आहेत, आज काय रांधलं. मुलाला आई कुठे आहे याचं चित्र डोळ्यांसमोर आणता आलं की त्याची तगमग कमी होते. वर्गात नकाशावर तो कारखाना शोधून खूण करायला लावा. वर्गातल्या आणखी काही मुलांचे आईबापही गेलेले असतील, त्यांनाही खुणा करू द्या. आणि हे लक्षात असू द्या की आईवडील परत आल्यावरही पहिले काही दिवस तो बिथरेल. सगळं फुकट गेलं असं तेव्हा समजू नका.

मुख्याध्यापकांशी बोलताना कायद्याचा आधार घ्या, पण आवाज न चढवता. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई आहे. हे सांगून झाल्यावर मात्र त्यांच्या हातात दुसरं काहीतरी द्या. तुमची वही, सुरक्षिततेची व्यवस्था, आणि सहा आठवड्यांची मुदत मागा. मुख्याध्यापकांनाही पालकांना सांगायला काहीतरी हवं असतं. पालकांना या मुलाच्या घरची कहाणी सांगू नका, ती त्याची आहे. तुमच्या मुलाला पुन्हा लागू नये म्हणून आम्ही काय केलंय, एवढंच सांगा.

आणि आता जिथे तुमचं काम संपतं ती हद्द. मूल स्वतःला इजा करत असेल, मरण्याबद्दल बोलत असेल, अंगावर वळ असतील, शून्यात बघत राहून हाक ऐकू न येण्याचे प्रसंग होत असतील, खाणंपिणं-झोप सुटली असेल, तर वही आणि दोन आठवडे थांबणं नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, आणि ते 'आधी खात्री करू' म्हणून लांबवायचं नसतं. लहान मुलांसाठी १०९८, आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक ऑफिसात भिंतीवर लावून ठेवा. टेली-मानसवर शिक्षक म्हणून तुम्हीही सल्ला विचारू शकता. घाईचं नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं, त्या डॉक्टरांना तुमची वही दाखवा. नजर आणि कान आधी तपासून घ्या. पुढे गरज असेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मिळते. गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना गणित-वाचनाची अडचण बघायला बोलवा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला होता. म्हणजे ४१ च्या वर्गात दोन-तीन मुलं तरी अशी असू शकतात, आणि ती सगळी बाक ढकलणारी नसतात. मागच्या ओळीत गप्प बसणाऱ्या मुलीकडेही एकदा बघा.

किती दिवस लागतील, हे तुम्ही विचारणारच. पहिले दोन आठवडे वागणं वाढल्यासारखं दिसतं, कारण तो नव्या व्यवस्थेची परीक्षा बघतो. त्यानंतर मी भडक्यांची संख्या मोजत बसत नाही. भडका किती वेळ चालला आणि त्याने मदत किती आधी मागितली हे मोजते. २० मिनिटांचं ८ मिनिटांवर आलं तर काम चाललंय. तुमच्या बोटांची खूण दिसायच्या आधीच तो स्वतः उठून बादलीकडे गेला, तर त्या दिवशी वहीत तारखेभोवती गोल करा.

सोमवारी फक्त वही सुरू करा, बाकी काही नको. दहा नोंदी झाल्या की मुलाचं नाव न घालता मला कळवा, सुट्टीनंतरचा गणिताचा तास दुसरीकडे हलवता येतो का तेही बघून ठेवा. आणि आजीला भेटून आलात की ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहा.